सॅकवाल्यांचा मराठवाडा

नांदेड आणि लातूर ही गावं सॅक पाठीवर टाकून फिरायला सोपी आहेत. अवघड असतं ते आपण नुसते फिरायला आलो आहोत, हे तिथल्या माणसाला पटवणं.

नांदेडात सॅकवाल्याची गणना यात्रेकरूंत होते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये गोदावरीकाठच्या या गावी देह ठेवला. त्याआधी, यापुढे ग्रंथसाहिब हाच गुरू, असं शिखांना सांगितलं. तिथला हजूर साहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस भरभरून येते. त्यामुळे स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला पाठीवरचं ओझं पाहतो आणि पत्ता न विचारता गुरुद्वाऱ्याकडे वळतो. टोळक्यातल्या एकाला आधी नदीकाठचा किल्ला पाहायचा असतो. त्याचं कुणी ऐकत नाही, त्याचे मित्र तर मुळीच नाही.

जोडे जमा करायचे, डोक्याला रुमाल बांधायचा आणि लंगरच्या पंगतीत मांडी घालायची. पोळी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावी लागते. एका हातात मोबाइल धरून बसलेल्यापुढे वाढपी नुसता उभा राहतो. डाळ ताटात पडते ती पळीपळीने, आणि ‘बस’ म्हणेपर्यंत पुढची पळी पडलेली असते. टाकायचं काही नसतं. वजन कमी करायच्या निश्चयाने घरून निघालेला मित्र इथे सर्वांत उशिरा उठतो.

पुढचा टप्पा कंधार. लालपरीत सॅकला जागा नसते. ती मांडीवर घ्यावी लागते आणि शेजारच्या आजींची टोपलीही ओघाने मांडीवर येते. कंधारचा भुईकोट मूळचा राष्ट्रकूटांच्या काळातला मानतात. भोवती खंदक आहे. गावाच्या परिसरात एका अजस्र क्षेत्रपालमूर्तीचे तुकडे सापडले. त्यातल्या पावलांशेजारी पाय ठेवून फोटो काढला, की दहा नंबरचा बूटही पाळण्यातल्या पोराचा वाटतो. इथे सॅकवाले सरकारी माणसं ठरतात. ‘सर्व्हेला आलाव का?’ असं विचारत कुणीतरी जवळ येतं आणि रस्त्याची तक्रार सविस्तर सांगतं. नाही म्हटल्याने तक्रार थांबत नाही.

लातुरात सॅक म्हणजे विद्यार्थी. ‘लातूर पॅटर्न’ने या गावाला इतकी पोरं दिली आहेत, की टक्कल पडलेल्या गृहस्थालाही ‘रिपीटर का?’ असं सहानुभूतीने विचारलं जातं. लॉजवाला महिन्याचा दर आधी सांगतो, एका रात्रीचा नंतर, तोही जरा नाराजीने.

गावाचा मध्य म्हणजे गंजगोलाई. बाजाराची ही गोल इमारत १९१७ सालची. मधोमध अंबाबाईचं मंदिर, आणि सोळा रस्ते इथे येऊन मिळतात. कुठे सोनं, कुठे चपला, कुठे गूळ, असा एकेका रस्त्याचा माल वेगळा. चौघांनी चार रस्ते धरले, तर पुन्हा भेटण्याची जागा ठरवायचीच नसते: ‘गोलाईत भेटू’ म्हणायचं. फक्त गोलाईच्या कुठल्या बाजूला, यावर फोनवर भांडण होतं, कारण चौघेही देवळासमोरच उभे असतात.

भांडण मिटतं ते निलंगा राईसच्या गाड्यावर. भात तिखट असतो, वर शेंगदाणे, आणि पाणी मागताना सगळ्यांचा आवाज एकच येतो. गाडेवाला पाण्याचा जग पुढे सरकवतो आणि विचारतो, ‘कोणत्या क्लासला हाव?’