हसू कुठे घालायचं?

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी माणसाला स्पेलिंगची भीती घालू नका. हजारो चित्राक्षरं गिरवत मोठा झालेला तो प्राणी. त्याला खरा घाम फुटतो तो 'वेअर' या चिमुकल्या शब्दाने.

इंग्रज मोठा कद्रू. शर्ट, चष्मा, अत्तर, दाढी, हसू, सगळं एकाच क्रियापदात कोंबतो. आपण साडी नेसतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, दाढी राखतो. साडी 'घातली' म्हणणाऱ्या नातीकडे आजी कशी बघते ते आठवा. चिनी लोक जवळपास आपल्याच जातकुळीचे. कपडे, मोजे, बूट यांना 'छ्वान'. टोपी, चष्मा, घड्याळ, अंगठी यांना 'ताय'. हातमोजे मात्र हात आत खुपसूनही 'ताय'च. का, ते विचारायचं नाही. आपली खुर्ची 'ती' आणि पलंग 'तो' का, हे कुठे कुणी सांगतं?

शांघायमधल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक हिशेबनीस बाई होत्या. फळ्यावर 'शी वेअर्स अ स्माइल' आलं, तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. "लाओशी (म्हणजे गुरुजी), हे छ्वान की ताय?" वर्गात दोन तट पडले. गळ्याच्या वरचा माल म्हणून 'ताय', असा एकाचा दावा. गंमत म्हणजे चिनी हसूही चेहऱ्यावर 'ताय'च असतं. उच्चार तोच, अक्षर मात्र वेगळं, अर्थ 'बाळगणं'. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं आणि दाढीचं काय, म्हणून विचारलं.

तेवढ्यात पुढच्या वाक्यात गालिचा 'वेअर' होऊ लागला. "तो काय घालतोय?" प्रश्न अगदी गंभीर. अंगावरचं कापड वापरून विरतं, त्यातूनच झिजण्याचा अर्थ आला, असं मी सांगितलं. मग औषधाचा अंमल 'वेअर ऑफ' झाला आणि आम्ही सगळेच 'वॉर्न आउट'.

चहाच्या वेळी बाईंनी उट्टं काढलं. चिनीत एखाद्याला उंच टोपी घालणं म्हणजे त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. साहेबाने छोटे बूट घालायला लावले, म्हणजे डूख धरून छळलं. आणि हिरवी टोपी? इथे पुरुषमंडळी चहाच्या कपात बघू लागली. ज्याच्या बायकोचं बाहेर सूत जुळलंय, त्या नवऱ्याच्या डोक्यावर ती असते.

तेव्हा चीनमधल्या एखाद्या मित्राला भेट न्यायची असेल, तर बाकरवडी न्या, पैठणीचा बटवा न्या. हिरवी टोपी तेवढी नेऊ नका.