शिक्का मारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

विद्यार्थ्यावर शिक्का मारण्याचे काम वर्षभर केव्हाही करता येते, पण बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यात त्याला खास मोसम आहे. दसरा सरला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात आणि गळीत संपल्यावर, पाडव्याच्या मागेपुढे, परततात. ज्यांना सांभाळायला घरी आजी-आजोबा नाहीत ती पोरे सोबत जातात. ती परत वर्गात बसतात तेव्हा भागाकार त्यांच्याविनाच पुढे निघून गेलेला असतो. नवशिका इथेच चुकतो. तो म्हणतो, ‘या मुलाचा भागाकार राहिलाय.’ हे वाक्य आपल्या कामाचे नाही, कारण राहिलेला भागाकार शिकवता येतो आणि मग तो शिकवावा लागतो. मुरलेला माणूस म्हणतो, ‘ऊसतोड्याचं पोरगं, ढच असणार.’ सगळे कसब एवढ्यातच आहे: जे हंगामामुळे झाले ते स्वभावामुळे झाले असे सांगायचे. हंगाम चैत्रात संपतो. स्वभाव संपत नाही, त्यामुळे शिकवणाऱ्याची जबाबदारी मात्र कायमची संपते.

हे जमवताना एक पथ्य पाळावे. मुलाला जे येते ते चुकूनही विचारू नये. फडात मोळ्या मोजणारे, भरलेल्या गाडीचे वजन आणि उचलीतून वळते झालेले पैसे यांचा हिशेब रोज कानांवर पडणारे, धाकट्या भावंडाला कोपीत सांभाळून चूल पेटवणारे मूल अंकगणितात अगदीच कोरे असण्याची शक्यता कमी. कर्नाटकात एक-दोन हंगाम काढले असतील तर चार कन्नड शब्दही त्याला येत असतील. प्रश्नपत्रिकेत यातले काही नसते, ही आपली मोठीच सोय आहे. मुलगी असेल तर काम आणखी सोपे. ‘हिला शिकून काय करायचंय, औंदा उजवतीलच,’ असे म्हणून मोकळे व्हावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळिसाहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, तेव्हा आपले भाकीत खरे ठरण्याचा संभव भरपूर आहे. ते खरे ठरावे म्हणून आपणही थोडा हातभार लावला, हे कोणी विचारत नाही.

साधनांमध्ये सर्वांत स्वस्त आडनाव. हजेरी घेताना ते ठसक्यात उच्चारावे, जमल्यास गाव आणि बापाचा धंदाही जोडावा. याची परिणामकारकता तपासून झालेली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधल्या सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी दिली. जो जितकी सोडवील तितके पैसे त्याला मिळायचे. २००६ साली छापून आलेल्या निष्कर्षानुसार, जातीचा उल्लेख झाला नाही तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांमध्ये फारसा फरक दिसला नाही. मग सगळ्यांदेखत नाव, बापाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची सोडवलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. पोरे तशीच, कोडीही तशीच. वाढली ती फक्त हजेरी. असे असताना आपल्याच जिल्ह्याच्या पोलिसांनी २०२५ मध्ये गणवेशावरच्या आणि टेबलावरच्या नावपट्ट्यांवरून आडनावे काढून नुसती नावे ठेवली, हे शिक्कामारांच्या दृष्टीने वाईट उदाहरण आहे. ते शाळांपर्यंत पोचणार नाही अशी आशा करू या.

शिक्का मारल्यावर तो जपावा लागतो. मूल मागच्या बाकावर बसवावे, प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहू नये, बरोबर उत्तर आलेच तर ‘कुणाचं बघून लिहिलंस?’ असे विचारावे. अपेक्षेने एवढा फरक पडतो का, अशी शंका घेणारे भेटतील. रोझेंथाल आणि जेकबसन या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही नावे निवडली आणि शिक्षकांना सांगितले की ही मुले लवकरच चमकणार आहेत. लहान वर्गांतली त्यांच्यातली मुले वर्षाअखेर बुद्धिमापनात खरोखर पुढे गेलेली दिसली, असे त्यांनी १९६८ साली लिहिले. पुढे अनेकांनी ते आकडे पुन्हा तपासले आणि परिणाम सांगितला गेला त्याहून लहान आहे असे दाखवले. हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने कोणी खचून जाऊ नये. त्या शिक्षकांनी ती नावे एकदाच ऐकली होती; आपला शिक्का पहिलीपासून दहावीपर्यंत, शिक्षक, वर्गमित्र आणि शेवटी खुद्द ते मूल, सगळे मिळून रोज गिरवतात.

‘पोरं एकमेकांना चिडवतातच, आम्हालाही चिडवायची, आमचं काय बिघडलं?’ हा आपला हुकमी बचाव. तो वापरावा, पण जपून. कारण तो करणारे सगळे टिकलेले असतात. ज्यांनी सातवीत दप्तर टाकले ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येत नाहीत, आले तर हिशेब बिघडेल.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. ऊसतोड कामगारांची मुले म्हणून नोंदच केली नाही तर हंगामी वसतिगृह कोणासाठी चालवायचे? राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आणली, तीही याच नोंदीच्या आधाराने. नाव न घेता हक्क मिळत नाही, हे मान्यच करावे लागते. फरक असा की ती नोंद मुलाच्या परिस्थितीविषयी बोलते, कार्यालयाच्या वहीत राहते आणि गरज संपली की तिचे काम संपते. शिक्का मुलाच्या कुवतीविषयी बोलतो आणि वर्गात सगळ्यांसमोर बोलतो. म्हणून हुशार शिक्कामाराने वहीतली नोंद मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे दोन्हींतला भेद कोणाच्या ध्यानात राहणार नाही.

कायद्याची अडचण आहे, तीही सांगून ठेवतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ४ शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण देते. कलम १७ मारण्याबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते. हे सगळे पाळायला ज्यांची हरकत नाही त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका नव्हे. त्यांनी टोळी परतल्याच्या पहिल्या दिवशी मुलाला नुसत्या नावाने हाक मारावी आणि कोणता धडा राहिला ते विचारून तिथून सुरुवात करावी, तीही लगेच. पाडव्यानंतर वार्षिक परीक्षेला फार दिवस उरत नाहीत.