काडीकाका

काडीकाकांनी उभ्या जन्मात सिगरेट ओढलेली नाही. शेजारी कुणी पेटवली तर ते खिडकीकडे सरकतात. नजर मात्र त्याच्या हातातल्या काडेपेटीवर अशी खिळते, की नवखा माणूस गैरसमज करून घेऊन पाकीटच पुढे करतो. "छे छे, मला फक्त पेटी द्या," काका म्हणतात. "संपल्यावर. घाई नाही." आणि ती संपेपर्यंत जागचे हलत नाहीत.

तिकिटं किंवा नाणी जमवणाऱ्यांना समाजात थोडीफार पत आहे. त्यांची प्रदर्शनं भरतात, उद्घाटनाला पाहुणे येतात. काडेपेट्या जमवणाऱ्याला घरातच कुणी विचारत नाही. या छंदाला 'फिलुमेनी' असं भारदस्त इंग्रजी नाव आहे, हे काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. पण काकू आपल्या साध्या मराठीत "हे रिटायर झाल्यापासून दिवसभर काड्या करत असतात" म्हणून सांगतात, आणि सोसायटीत नव्याने आलेली मंडळी काकांशी जपून बोलू लागतात.

काकांचा खास प्रांत म्हणजे हॉटेलांच्या काडेपेट्या. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या, चपट्या; आत पुठ्ठ्याच्या वीस काड्या पंगतीला बसल्यासारख्या, बुडाशी एक पिन, कव्हरावर हॉटेलचं नाव. फिलाडेल्फियाच्या जोशुआ प्युसी नावाच्या वकिलाने १८९२ साली असल्या पेटीचं पेटंट घेतलं. "वकील होता म्हणूनच सुचलं. काडी कशी लावायची हे त्यांना शिकवावं लागत नाही." हा विनोद मी अकरा वेळा ऐकला आहे. बाराव्यांदाही हसेन, कारण तो झाला की काकू चहा आणतात.

संग्रह राहतो काकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये. लग्न त्यांनी काढून एका खाकी पाकिटात ठेवलं आहे. काळी जाड पानं, मधे जाळीदार कागद, असा अल्बम आता मिळत नाही हे काकांचं म्हणणं खोटं नाही; पण पांढऱ्या शाईत 'सप्तपदी' लिहिलेल्या पानावर बार अँड रेस्टॉरंटची पेटी पाहिली की पाहुणे जरा चुळबुळतात.

पेटी अल्बमात चढवण्याआधी तिची पिन निघते, तो सोहळा पाहण्यासारखा. मुंबईच्या दमट हवेत पिन लगेच गंजते, आणि गंज पुठ्ठ्यात उतरला की कव्हरावर तपकिरी डाग पडतो. म्हणून काका चष्मा कपाळावर सरकवतात, चिमट्याने पिनेचे दोन्ही पाय उभे करतात आणि श्वास रोखून ती उचलतात. काड्यांचा पुंजका अलगद सुटा होतो. गुलाची लालसर पूड टेबलावर सांडते, ती ओल्या फडक्याने टिपली जाते. मग उलगडलेलं कव्हर आठ दिवस जुन्या टेलिफोन डिरेक्टरीखाली. (डिरेक्टरी छापणं बंद झालं, त्यामुळे तीही आता संग्रहात धरली आहे.)

हा सगळा मान फक्त बंद पडलेल्या हॉटेलांना. चालू हॉटेलची पेटी चपलांच्या कपाटावरच्या बरणीत जाते. मागे मी मोठ्या हौसेने एक आणून दिली. काकांनी उलटसुलट पाहिली.

"चालतंय का?"

"जोरात, काका. अर्धा तास रांगेत उभे होतो."

"हं," म्हणाले, आणि पेटी बरणीत टाकली. रंगकामासाठी एखाद्या हॉटेलचं शटर दोन दिवस खाली असलं, तरी काका संध्याकाळच्या फेरीचा रस्ता बदलून तिकडून जातात.

पानं उलटता उलटता स्वारी चर्चगेट स्ट्रीटला पोचली, की तासाभराची निश्चिंती. आता तो वीर नरिमन रोड. पण व्होल्गा, बॉम्बेलीज, बेरीज ही नावं चर्चगेट स्ट्रीटच्याच पत्त्यावर शोभतात असं काकांचं मत. जाझची मंडळी कुठल्या कोपऱ्यात बसत, दिवे किती मंद असत, सगळं सांगतील. 'टॉक ऑफ द टाउन'चं 'जाझ बाय द बे' झालं आणि त्याचं 'पिझ्झा बाय द बे', हे तर ते एखाद्या सरदार घराण्याची वंशावळ सांगावी तसं सांगतात. एकदा हे रंगात आलेलं असताना स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, आपण गेलो होतो का कधी तिथे?"

काकांनी पान उलटलं.

खरी गोष्ट अशी, की काका फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून. हॉटेलात जेवत ते साहेब. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ॲश-ट्रेशेजारी पडलेली पेटी शिपायामार्फत काकांकडे येई. त्यामुळे अल्बमात आहेत ती हॉटेलं काकांनी आतून पाहिलेली नाहीत, आणि जिथे त्यांचं सगळं आयुष्य बसून गेलं त्यांचा अल्बमात पत्ता नाही. इराणी कुठला फुकट काडेपेटी द्यायला! गल्ल्यापाशी अंबरनाथच्या विम्कोच्या 'शिप'ची चळत असायची. पैसे टाका, पेटी उचला.

कोपऱ्याची जागा अपशकुनी म्हणून आपल्या लोकांनी सोडली आणि इराण्यांनी घेतली असं सांगतात. पुढे त्याच कोपऱ्याला सोन्याचा भाव आला. भागीदार सात, नातवंडं परदेशात, गल्ल्यावर बसायला कुणी नाही. एकेक शटर खाली आलं. धोबी तलावचं बस्तानी असंच गेलं. नोकरीची पहिली अकरा वर्षं काकांनी तिथे रोज सकाळी ब्रून मस्का चहात बुडवलेला. हे करू नका, ते करू नका अशा इराण्याच्या सूचनांवर निस्सिम इझिकेल यांनी कविता केली. काकांना त्या सूचना पाठ आहेत, कविता ठाऊक नाही. समोरचं कयानी १९०४ पासून आहे आणि चालू आहे. काका तिथे जातात, मावा केक मागवतात, पण बसतात रस्त्याकडे तोंड करून, जिथून बस्तानीची जागा दिसते.

अल्बमच्या शेवटच्या पानावर एक साधी 'शिप' चिकटवलेली आहे. खाली पांढऱ्या शाईत, जपून लिहिलेलं: बस्तानी.

"काका, ही तर विम्कोची."

"गल्ल्यावर हीच असायची," ते म्हणाले आणि अल्बम मिटला. चहा आला तरी बोलले नाहीत.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. न ओढणाऱ्या माणसाला तिचा एवढा धक्का बसल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. टेबलांवरचे ॲश-ट्रे उठले, त्यांच्या आसऱ्याने राहणारी पेटीही उठली. त्यानंतर काका खुलले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये, रुपयाची काडेपेटी चौदा वर्षांनी दोन रुपयांना झाली तेव्हा. "बघ," म्हणाले, "शेवटी भाव आला की नाही!"

परवा त्यांना एका नव्या कॅफेत नेलं. गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबलं, भिंतीवर पारशी आजोबांचा फोटो (कुणाचे ते मालकालाही माहीत नव्हतं), 'इराणी चहा' एकशे ऐंशी रुपये. मेन्यूऐवजी टेबलावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र. काकांनी ते नखाने उचकटून पाहिलं, चिकटवलेलं होतं. ॲश-ट्रे नाही, पेटी नाही. चहा त्यांनी मुकाट्याने संपवला.

मग बडीशेपेच्या वाटीत त्यांना एक टूथपिक दिसली. पांढऱ्या कागदी म्यानात, म्यानावर सोनेरी अक्षरांत कॅफेचं नाव. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. अंगठ्याने कागदाची कड चाचपली, छपाई उजेडाला धरली, माझ्याकडे पाहिलं.

"काडीच आहे ना ही?"

"हो की."

ती सदऱ्याच्या खिशात गेली. बिल घेऊन आलेल्या पोऱ्याला काकांनी मायेने जवळ बोलावलं.

"काय रे बाळा," त्यांनी विचारलं, "भाडं किती भरतात तुमचे मालक?"