बास्केटबॉलपटू व्हा, बुलढाण्याहून : नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

ही मार्गदर्शिका कोणासाठी? ज्यांच्या घरी बारा ते सोळा वर्षांचा मुलगा आहे, जो दारातून आत येताना उडी मारून चौकटीला हात लावतो आणि ज्याला पाहून शेजारचे काका म्हणतात, "हा पोट्टा बास्केटबॉलमधी जाईन पाहा," त्या सर्वांसाठी. बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटावरच्या आणि घाटाखालच्या, दोन्हीकडच्या वाचकांना ती चालते. घाटाखालच्यांनी एप्रिल-मे महिन्यांत सराव सूर्य उगवायच्या आत आटोपावा, एवढाच फरक.

लागणारे साहित्य

मुलगा, एक. (मुलगी असल्यास उत्तम. कारण पुढे कळेल.)
चेंडू, एक. हवा भरलेला.
रिंग, एक. जमिनीपासून ३.०५ मीटर उंच.
शिकवणारा माणूस, एक.
मैदानाच्या फाटकाची किल्ली, एक.
डॉलर, ऐपतीप्रमाणे.

पायरी पहिली : आदर्श निवडा

नवशिक्यांनी जॉर्डन, लेब्रॉन असले आदर्श घेऊ नयेत, मान दुखते. आपण युकी तोगाशी घेऊ. जपानच्या निगाता प्रांतातलं शिबाता हे त्याचं गाव, जन्म १९९३ चा. उंची १६७ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट. मलकापूर स्टेशनवर उभा राहिला तर गर्दीत दिसणार नाही. हा मुलगा शिबाताहून अमेरिकेत मेरिलँडच्या माँट्रोज ख्रिश्चन शाळेत गेला. केविन ड्युरँट ज्या शाळेतून बाहेर पडला, तीच ही शाळा. पुढे तो व्यावसायिक खेळाडू झाला, जपानचा कर्णधार झाला आणि पॅरिस ऑलिम्पिकही खेळला.

इथे बहुतेक पालक वही मिटतात आणि म्हणतात, "समजलं. पोट्ट्याले अमेरिकेत धाडाचं. फॉर्म कुठी भरा लागते?"

थांबा. तोगाशीच्या चरित्राचं पहिलं पान राहिलं. त्याचे वडील हिदेकी हे गावातल्या होनमारू शाळेच्या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक. म्हणजे साहित्याच्या यादीतला शिकवणारा माणूस घरातच आणि किल्लीही घरात असल्यासारखीच. शिबातासारख्या गावातल्या या शाळेनं तोगाशीला घेऊन माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. अमेरिका त्यानंतरची.

पायरी दुसरी : उंचीची काळजी सोडा

उंचीच हवी असेल तर आपल्या नांदुऱ्याचा मारुती १०५ फूट आहे. पण तो कुणाला पास देत नाही.

शंका फिटत नसेल तर टेक्सास लेजंड्स या संघाकडे पाहा. एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्सचा हा दुय्यम संघ. मॅव्हरिक्सनं २०१४ च्या ऑक्टोबरात तोगाशीला करारबद्ध केलं, लगेच मोकळंही केलं आणि तो लेजंड्सकडून खेळला. पुढच्याच हंगामात त्याच संघात आला पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. सतनाम २०१० मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला होता. २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये तो ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला; ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. दोघांच्या उंचीत दीड फुटाहून जास्त फरक. तरी दोघेही एकाच उंबरठ्यापर्यंत पोचले आणि एनबीएचा एकही सामना न खेळता परतले. उंबरठ्याला उंची कळत नाही.

पायरी तिसरी : फीचा हिशेब मांडा

अमेरिकेतल्या नामवंत निवासी शाळेची वर्षाची फी ६०,००० डॉलर धरा. कमी धरली आहे. डॉलर ८५ रुपये धरा. झाले ५१ लाख. आता सोयाबीन काढा. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे एका वर्षाच्या फीला १,०४२ क्विंटल सोयाबीन. एकरी सहा क्विंटल धरलं तर जवळजवळ पावणेदोनशे एकर. हे झालं हमीभावानं माल गेला तर. बाजार समितीत व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन "ओलावा हाय" म्हणाला, तर आणखी वीस-पंचवीस एकर धरून ठेवा.

आणि हे एका वर्षाचं. मुलाला तिथं तीन वर्षं काढायची आहेत.

पायरी चौथी : शिष्यवृत्ती शोधा

जपानात 'स्लॅम डंक' नावाची चित्रकथा १९९० ते १९९६ अशी साप्ताहिकातून छापून येत होती. ताकेहिको इनोउए यांची ही कथा वाचून जपानी पोरांची एक पिढी मैदानावर उतरली. पुढे या चित्रकारानं २००६ मध्ये त्याच नावाची शिष्यवृत्ती काढली: गुणी मुलाला अमेरिकेतल्या शाळेत पाठवायचं, शिकवायचं, खेळवायचं. पहिला मुलगा २००८ मध्ये गेला. चित्रांतून मिळालेलं चित्रांच्याच वाचकांना परत.

आपल्याकडेही मराठी माणूस कलेवर कमावतो, आणि गावात सभामंडप बांधतो. त्याबद्दल तक्रार नाही. सभामंडपाला छप्पर असतं, खाली फरशी असते, लांबी-रुंदीही चांगली असते. दोन टोकांना दोन रिंगा तेवढ्या राहतात.

पायरी पाचवी : तिथं पोचल्यावर

इथले पालक समजतात की अमेरिकेत खेळाडूला अभ्यास माफ. उलट आहे. वरच्या श्रेणीच्या कॉलेजसंघात जागा हवी तर शाळेतले १६ मुख्य अभ्यासक्रम ठरावीक सरासरीनं उत्तीर्ण झालेले लागतात. गणितात नापास झालेल्याला सामना नाही. आपल्याकडे हेच नातं दुसऱ्या बाजूनं पाळलं जातं: गणिताचा भाग राहिला की पीटीचा तास नाही. मी ज्या शाळेत शिकलो तिथं वेळापत्रकात आठवड्याला दोन तास खेळाचे होते. त्या तासांना मी दशमान अपूर्णांक शिकलो. मैदानावर रिंगचा एक खांब होता. त्याला जाळी नव्हती, फळी तिरकी होती आणि पंधरा ऑगस्टला त्याला पताकांची दोरी बांधायचे. बास्केटबॉलशी माझा संबंध एवढाच.

तोगाशीचं पुढं काय झालं, हे पालकांनी बसून ऐकावं. शाळा संपल्यावर तो अमेरिकेतल्या कॉलेजात गेलाच नाही. जपानला परतला आणि २०१३ मध्ये अकिताच्या संघातून व्यावसायिक म्हणून खेळू लागला. टेक्सासची वारी त्यानंतरची. २०१५ मध्ये तो पुन्हा मायदेशी, चिबा जेट्स संघात.

पायरी सहावी : व्यावसायिक व्हा

इथे मार्गदर्शिकेचे दोन फाटे होतात.

जपानी फाटा असा: तोगाशी टेक्सासमध्ये असताना, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जागतिक बास्केटबॉल संघटनेनं जपानला निलंबित केलं. कारण देशात दोन लीग होत्या, दोन्हींचे कारभारी वेगळे आणि कोणी कोणाचं ऐकेना. (ओळखीचं वाटलं तर पाणी प्या.) मग जपान्यांनी दोन्ही लीग गुंडाळून एक केली. सप्टेंबर २०१६ मध्ये बी-लीग सुरू झाली. २०१९ मध्ये तोगाशीचा वार्षिक करार दहा कोटी येनांचा झाला, त्या वेळच्या दरानं सहा कोटी रुपयांहून अधिक. बी-लीगमध्ये एवढा करार मिळवणारा तो पहिला जपानी. म्हणजे पैसा अमेरिकेनं दिला नाही. तो घरीच मिळाला, कारण घर आधी बांधून झालं होतं.

आपला फाटा असा: शालेय स्पर्धेत उतरावं. जिल्ह्यात दुसरा संघ आलाच नाही तर आपण बिनविरोध, सरपंचासारखे. तिथून अमरावती विभाग, तिथून राज्य. प्रत्येक टप्प्यावर एक वस्तू मिळते, तिचं नाव प्रमाणपत्र. त्यावर दहावी-बारावीला वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण. हे प्रमाणपत्र इतकं मोलाचं की राज्यात काही लोकांनी न खेळताच मिळवलं, आणि पुढे पडताळणीत पकडले गेले. सोळाशे मीटर धावणारी जी पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात, ती भरतीसाठी धावतात. त्यांना हसू नका. या फाट्यावर पगार तिथंच आहे.

पायरी सातवी : सगळं जमलं नाही तर

बुलढाण्यातच थांबा.

हा विनोद नाही. मे २०२३ मध्ये चीनच्या शांघायमध्ये तिरंदाजीच्या विश्वचषकात पुरुषांच्या कंपाउंड प्रकाराची अंतिम लढत होती. एका बाजूला नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जगात पहिला. दुसऱ्या बाजूला बुलढाण्याचा प्रथमेश जावकर, वय एकोणीस. अंतर ५० मीटर. मधलं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. प्रत्येकी पंधरा बाण. श्लोसरचे झाले १४८ गुण. प्रथमेशचे १४९. पंधरांतला एकच बाण कपाच्या काठाबाहेर गेला, बाकी चौदा कपात.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं, नागपूरच्या ओजस देवतळेनं आणि अभिषेक वर्मानं मिळून कोरियाला २३५-२३० असं हरवून सांघिक सुवर्ण आणलं. आणि साहित्याच्या यादीत मुलगी का लिहिली होती, तेही सांगतो. बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधवनं २०१९ मध्ये चीनच्याच चेंगडूत जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं होतं.

प्रथमेश आणि मोनाली या दोघांमागं पावणेदोनशे एकर नव्हते. चंद्रकांत इलग यांच्यासारखा शिकवणारा माणूस होता, बाण सोडायला मोकळी जागा होती आणि ती जागा रोज उघडी असायची. एवढ्या तीनच गोष्टी. शिबाताच्या मुलाकडेही सुरुवातीला नेमक्या याच तीन होत्या.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*भेंडवळच्या घटमांडणीत मुलाच्या निवडीचं भाकीत निघेल का?*
घटात पाऊस, पीक आणि राजाची गादी दिसते. एनबीएचा ड्राफ्ट दिसत नाही.

*अमेरिकेला निघताना गाडी कुठून पकडावी?*
मलकापूर किंवा शेगावहून. खामगाव-जालना रेल्वेची वाट पाहू नये. ती मागणी इंग्रजांच्या काळातली आहे, मुलगा आताचा आहे.

*मग अमेरिकेला जायचा दुसरा रस्ताच नाही का?*
आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड तिरंदाजीची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच घेतली जाणार आहे. एक मुलगा, एक मुलगी. बुलढाण्याहून तिकडे जाणारा आजचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच.

*आमच्या पोराला बास्केटबॉलच खेळायचा आहे. आज संध्याकाळी नेमकं काय करू?*
पासपोर्टचा फॉर्म राहू द्या. मुलाला घेऊन त्याच्या शाळेत जा. रिंगला जाळी आहे का बघा. नसेल तर पालक मिळून वर्गणी काढा. फळी सरळ करून घ्या. मग शिपाईमामांना गाठा आणि संध्याकाळी सहानंतर फाटकाची किल्ली कोणाकडे असते, ते विचारा. ती मिळेपर्यंत बाकीच्या सहा पायऱ्या वाचू नका.