थकीत कस्तुर

माझ्या यादीत २७१ पक्षी आहेत. त्यांतले २६२ मी पाहिले आहेत.

उरलेल्या नऊंचा हिशेब लागत नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण मी ३१ वर्षं बँकेत काढली आहेत. हिशेब न लागणं आणि हिशेब न लावणं यांतला फरक मला कळतो. ते नऊ पक्षी दुसऱ्यांनी पाहिले तेव्हा मी तिथे हजर होतो, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. सगळे एका झाडाकडे बोटं करून "ती बघा, दुसरी फांदी, तिच्या डावीकडे, आत्ता पान हललं तिथे" असं कुजबुजत असतात. दुर्बिणीत आपल्याला नुसती पानं दिसत असतात, आणि तीही हललेली नसतात. अकरा जण एकामागून एक "वा!" म्हणतात. बारावा काय म्हणणार? बारावाही "वा!" म्हणतो, आणि अंमळ जास्तच जोरात म्हणतो.

नवांपैकी आठ किरकोळ आहेत. सगळे वटवटे. वटवट्यांच्या बाबतीत पाहणाऱ्याचीही खात्री नसते, त्यामुळे न पाहणारा फार मागे पडत नाही. खरं ओझं नवव्याचं. निळ्या डोक्याचा कस्तुर! विणीला हिमालयात, थंडीला आमच्या सह्याद्रीत. नराचं डोकं नि गळा निळा, पोट विटकरी-नारिंगी, पंखावर पांढरा ठिपका. मादी मात्र तपकिरी, पोटावर खवल्याखवल्यांची नक्षी, पाचोळ्यात बसली की पाचोळाच. चार वर्षांपूर्वी मी आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं : ‘निळ्या डोक्याचा कस्तुर, नर, सिंहगड पायथा, सकाळी ७.४३.’ बँकेतल्या कुठल्याही तपासनिसाला हे ७.४३ लगेच खटकलं असतं. खरं पाहिलेल्या माणसाला वेळ आठवत नसते. मिनिटासकट वेळ रचलेल्या नोंदीतच असते. पण पक्षीमित्र भाबडे. बत्तीस अंगठे वर आले, आणि पुढच्याच महिन्यात मला एका शाळेत पक्ष्यांवर बोलायला बोलावलं.

तेव्हापासून दर वसंतात मी ते कर्ज फेडायला सिंहगडाच्या दरीत जातो. पक्षी एकदा खरोखर दिसला की नोंद मागच्या तारखेनं खरी होईल, असा माझा हिशेब. मुदत मार्चअखेर, कारण त्यानंतर कस्तुर हिमालयाची वाट धरतात. बाकी जग या दिवसांत वसंत बघत असतं. काटेसावर उरकत आलेली असते, पांगारा भरात असतो, पळस पेटलेला असतो, आणि त्यांवर भोरड्यांचे थवेच्या थवे मधासाठी भांडत असतात. ज्वारीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या गोफणी खाऊनही त्यांचा आवाज बसलेला नसतो. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे निघणार, तेव्हा जाण्यापूर्वी वजन वाढवणं चालू असतं. गटातली मंडळी हे तासन्‌तास पाहतात. मी त्याच पळसाखालून, खाली मान घालून, कर्जबाजारी माणसासारखा जातो.

माझा अवतार मात्र सावकाराचा असतो. ८ बाय ४२ ची दुर्बीण, मातकट रंगाची टोपी, त्याच रंगाची अकरा खिशांची विजार. "एवढ्या खिशांत काय ठेवता?" बायकोनं एकदा विचारलं. दहा बहुतेक वेळा रिकामे असतात आणि अकराव्यात गूळपोळी असते, हे तिला सांगता आलं नाही.

इथे मला रिचर्ड माइनर्ट्झहागेन आठवतो. (बायको म्हणते, तुम्हाला तो कुठेही आठवतो. भाच्याच्या साखरपुड्यातही आठवला होता. पण तिथे प्रसंगच तसा होता, मुलाकडच्यांनी पगार सांगितला होता.) वाचकांना घाई असेल तर त्यांनी खाली नाचणीच्या घरट्यापाशी थांबावं, मी येतोच.

आपल्या खानदेशात रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. आपल्या अंगणातल्या आंब्यावर संध्याकाळी चिर्रचिर्र भांडणारा तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं आणि तो दिवसाढवळ्या हिंडतो. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हा तोच ह्यूम, ज्यानं पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. माणसानं पेन्शनीत काय काय करावं! पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं खानदेशातून या घुबडाचे काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ साली. मग घुबड गायब. त्यानंतरचा एकच नमुना जगात होता : १९१४, मांडवी, गुजरात. गोळा करणारा, कर्नल माइनर्ट्झहागेन.

हा माणूस म्हणजे पक्षीजगतातलं बडं प्रस्थ. सैनिक, हेर, जाडजूड ग्रंथांचा लेखक. १९३७ साली आपले सलीम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर होते. १९६७ मध्ये तो वारला तो पूर्ण मानमरातबासह. पुढे १९९०च्या दशकात त्याच्या संग्रहातल्या पक्ष्यांची कसून तपासणी झाली. क्ष-किरण काढले, टाके पाहिले, आतला कापूस पाहिला. आणि काय निघालं? हे गृहस्थ संग्रहालयातून दुसऱ्यांचे पक्षी उचलत, आतला कापूस बदलत, आणि नवी चिठ्ठी बांधत : मी मारला, अमुक गावी, अमुक तारखेस. मांडवीचा रानपिंगळा डेव्हिडसनचाच होता. उसवून पुन्हा शिवलेला.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या खात्यातली ठेव आपल्या नावावर वळती केली, आणि कित्येक वर्षं ऑडिट झालं नाही.

या चोरीत घुबडाचं नुकसान असं, की नकाशावर मांडवीचा एक खोटा ठिपका बसला. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ बाईंनी तो ठिपका पुसला, जुने खरे नमुने जिथले होते तिथे जायचं ठरवलं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर सकाळी झाडाच्या शेंड्यावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! त्यापूर्वीही शहाद्याच्या आसपासच्या पाड्यांवर तो बसतच असणार. पाड्यावरच्या कुणी त्याची नोंद लंडनला कळवली नव्हती, एवढंच.

मला या गोष्टीत बाईंचं कौतुक वाटायला हवं. वाटतंही. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा जवळचा वाटतो तो कर्नल. त्याला पक्षी येत नव्हते असं नाही, चिक्कार येत होते. २६२ खरे पाहिलेल्या माणसाला आणखी नऊ खोटे का लागतात, हे मी त्याला समोर बसवून विचारलं असतं. आणि तो पिंगळा जोशी, कंदील घेऊन पहाटे दारात यायचा, पिंगळ्याची भाषा कळते म्हणून आपलं भविष्य सांगायचा. त्याला तरी ती ऐकू येत होती की नाही, कोण जाणे. असो.

तर नाचणीचं घरटं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी दरीतल्या ओढ्यात दोनच डबकी उरली होती आणि प्रत्येक डबक्यासमोर सात-आठ तोफा लावलेल्या. तोफा म्हणजे कॅमेरे. त्यांच्यामागे आमच्यासारख्याच मातकट विजारी. वर करवंदीच्या जाळीत नाचण पक्ष्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं. वाटीएवढं, बाहेरून कोळिष्टकांनी गुंडाळलेलं, इतकं नेटकं की कुंभारानं चाकावरून काढलंय असं वाटावं. त्याच्यावर सावली येत होती. सावलीत फोटो चांगला येत नाही, म्हणून कुणीतरी वरच्या दोन फांद्या कापल्या. घरट्यावर ऊन आलं. जोडीतलं एक पाखरू पिल्लांवर पंख पसरून, चोच उघडी टाकून बसलं, आणि त्याचेच फोटो निघू लागले. त्यातल्या एकानं मोबाइलवर नाचणीचीच शीळ लावली. दुसरं पाखरू, घरात कोणी परका शिरला असं समजून, चारा टाकून त्या मोबाइलभोवती वेड्यासारखं फिरत राहिलं.

मी काय केलं? काही नाही. त्या शीळवाल्यानं आल्याआल्याच मला विचारलं होतं, "सर, कस्तुर हवाय ना? थांबा, हे झालं की त्याचा कॉल लावतो." मी थांबलो.

आमच्या गटात सहावीतली एक मुलगी आईबरोबर येते. तीच पुढे झाली आणि म्हणाली, "बंद करा ते." मोठी माणसं हसली. मग तिच्या आईनं तेच जरा वेगळ्या पट्टीत सांगितलं, तेव्हा बंद झालं. मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. पुढच्या रविवारी घरटं जागेवर होतं, आत काही नव्हतं. पिल्लं उडायला तेवढे दिवस पुरेसे नव्हते.

ही मुलगी मला आजोबा म्हणते. बाकीचे सगळे ‘सर’ म्हणतात. सुरुवातीला मी ‘काका’ सुचवून पाहिलं, पण तिनं माझ्याकडे नीट निरखून आजोबाच कायम केलं. त्या तिसऱ्या रविवारी, रिकाम्या घरट्यापासून दूर, आम्ही आंब्याखाली बसलो होतो. आंब्यावर बांडगूळ माजलं होतं. बांडगूळ तिथे फुलटोच्या, हे आपलं ठरलेलं. तो त्याची चिकट फळं खातो आणि बिया फांदीला पुसून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढीच्या बांडगुळाची सोय.

"फुलटोच्या बोलतोय," ती म्हणाली.

"हो तर! मघापासून," मी म्हणालो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता शिंजीर."

"जांभळा," मी अधिकची माहिती पुरवली.

"आणि आता पुन्हा फुलटोच्या. ऐकू आला?"

"स्वच्छ!"

"आजोबा, आत्ता काहीच वाजत नव्हतं."

बँकेत असताना असं अचानक तपासणीला येणाऱ्यांना आम्ही खालच्या मजल्यावर चहाला थांबवून ठेवायचो. इथे चहा नव्हता.

खरं तर संशय मला दोनेक वर्षांपासून होता. बायको म्हणायची, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी उठत नाही. मला वाटायचं हा उठण्याचा प्रश्न आहे. दरी वर्षागणिक शांत होत चालली आहे, पक्षी कमी झालेत, असं मी शाळेतल्या भाषणातही सांगून आलो होतो, हळहळून. त्या आठवड्यात कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, कानांना हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबत राहिलो. बाहेरून त्या बाई म्हणाल्या, "काका, आवाज नसतानाही दाबताय तुम्ही." (काका म्हणाल्या, याची नोंद घ्यावी.) मग प्रामाणिकपणे दाबलं, तर कागदावरची रेघ ४,००० हर्ट्झच्या आसपास अशी खाली गेली, जशी सिंहगडाच्या कड्यावरून घोरपड सुटावी. वयानं असंच होतं, त्या म्हणाल्या, बारीक आवाज आधी जातात. म्हणजे फुलटोच्या गेला, शिंजीर चालला, नाचणीचं कुजबुजणं गेलं. दरीत सगळे होते. मीच उठून गेलो होतो.

तांबट मात्र राहील. त्याची टुक-टुक हजार हर्ट्झच्याही खाली असते. तांब्याच्या भांड्यावर ठोके घालणारा तो एक कारागीर शेवटपर्यंत दुकान उघडं ठेवणार.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मी मुलीला कागद दाखवला. तिनं तो प्रगतिपुस्तक वाचावं तसा वाचला. मग ओढ्यातल्या दगडावर माझ्या शेजारी बसली आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं माझ्या मनगटावर वाजवू लागली. तीन भरभर ठोके म्हणजे फुलटोच्या. एक लांब, घासल्यासारखा म्हणजे शिंजीर. मध्येच थांबून म्हणाली, "तांबट वाजवत नाही. तो येतो ना तुम्हाला?"

"येतो."

"मग ठीक."

असा अर्धा-पाऊण तास गेला. तोफा त्या दिवशी नव्हत्या. नाचणीकडून आता फोटो मिळण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुलगी वहीत काहीतरी लिहायला खाली वाकली आणि तेवढ्यात समोरच्या पाचोळ्यात एक पान हललं. खरोखर हललं. तिथे एक तपकिरी पक्षी उभा होता. पोटावर खवले-खवले. त्यानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, दोन उड्या मारल्या आणि जाळीत गेला.

कस्तुराची मादी? असेल. बहुधा होतीच. पण माझी चार वर्षांपूर्वीची नोंद नराची. कर्ज एका खात्यावर आणि भरणा दुसऱ्या खात्यात, अशी ती गत.

"काय होतं?" मुलीनं मान वर करून विचारलं.

जिभेवर नाव आलं होतं, शास्त्रीय नावासकट.

"तपकिरी काहीतरी," मी म्हणालो.

तिनं वहीत लिहिलं : तपकिरी काहीतरी, १. "वेळ?"

घड्याळ अकरांपैकी कुठल्या तरी खिशात होतं.

"लिही, साडेसात-आठ. नक्की नाही सांगता येत."