समुद्रतळालाही कान असतात

अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेलं ‘शुभ सकाळ’चं सूर्यफूल आकाशातून पडत नाही, समुद्रतळावरून येतं. बागेला पाणी घालायच्या नळीएवढी जाड केबल आणि तिच्या पोटात केसासारख्या काचेच्या तारा. खंडाखंडांतला बहुतेक सगळा डेटा यांतूनच जातो. उपग्रह उगाच भाव खातात.

ही तार नुसती हमाल नाही, चोंबडीही आहे. काचेत सूक्ष्म दोष असतात, त्यांवर आपटून लेझरचा थोडा प्रकाश मागे फिरतो. दूरसंचारवाल्यांच्या लेखी तो कचरा. पण तळ हलला की तार कणभर ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. किनाऱ्यावरच्या यंत्राने तो बदल वाचला, की झालं टाकाऊतून टिकाऊ. मार्च 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात 20 किलोमीटर तारेने चार दिवस सुमारे दहा हजार भूकंपमापकांचं काम केलं आणि गिलरॉयजवळचा एक भूकंपही टिपला. तार मोकळी कशी मिळाली? देखभालीसाठी केबल बंद होती म्हणून! काम बंद असताना एवढं काम झाल्याचं दुसरं उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

2020 च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या स्वालबार्डला 120 किलोमीटरच्या तारेने देवमाशांची गाणी ऐकली. जहाजं ऐकली, हजारो किलोमीटरवरची वादळंसुद्धा. रोजचा ऐवज सुमारे सात टेराबाइट. लिफ्टच्या दाराच्या आवाजावरून कोण किती वाजता घरी आलं ते सांगणारे आमच्या तळमजल्यावरचे काका हिच्यापुढे ठार बहिरे.

कौतुक सगळं देवमाशांचं चाललंय. पण जहाज ऐकणारी तार पाणबुडी आली की कानात बोळे घालून बसेल, असं मानण्याइतके कुठलेच आरमारवाले भाबडे नसावेत. त्यांच्या नशिबाने नेहमीच्या पद्धतीने हा परतीचा प्रकाश साधारण पहिल्या शंभरेक किलोमीटरांतूनच वाचता येतो. पुढे प्रकाशाला बळ देणारे रिपीटर त्याची वाट अडवतात.

जगात वर्षाकाठी दीडशे-दोनशे वेळा समुद्री केबली तुटतात. त्यांतल्या बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी. नांगर ओढत येणारं जहाज तारेला आधीच ऐकू येऊ शकतं. बाजूला सरकता मात्र येत नाही.