प्रयोगकाकू

ज्या सोसायटीत प्रयोगकाकू नाहीत, तिथे गॅस तरी येत नसावा किंवा पाणी तरी. एरवी मजल्यागणिक एक असतेच. खूण सोपी आहे: बाकीच्या बायका पाहुण्याला “अजून वाढू का?” विचारतात, या विचारतात, “ओळखा बघू, यात काय घातलंय?” थालीपिठात बीट, धिरड्यात ओट्स, कालच्या वरणात भिजवलेली कणीक, काहीही असू शकतं, आणि पाहुण्याचं उत्तर चुकल्याशिवाय काकूंना जेवू घातल्याचं समाधान लाभत नाही. घरची मंडळी या भानगडीत पडत नाहीत. ती आधी वास घेतात, मग एकमेकांकडे बघतात आणि सर्वांत धाकट्याला पहिला घास घ्यायला लावतात.

या काकू परंपरा बुडवतात, असा एक आरोप आहे. तो करणारे बहुधा एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाता खाता करतात, म्हणून त्या खिचडीचीच झडती घेऊ. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची हीसुद्धा अमेरिकेतलीच. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, त्यानंतरच यांना इकडची वाट सापडली. रताळ्याचा कीस किंवा राजगिऱ्याचा लाडू पुढे केला तरी सुटका नाही, तेही तिकडचेच. इथलं म्हणून छातीठोकपणे सांगावं असं उरतं ते तूप आणि मीठ. म्हणजे कधीतरी कुठल्यातरी प्रयोगकाकूंनी हे सगळे परदेशी जिन्नस एका कढईत घातले, आणि ते देवालाही चालले. निदान त्याची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

मग त्यांचं सगळंच गोड मानायचं का? तसं नाही. मिरची आली आणि मिऱ्याच्या जागी बसली. बटाट्याला मोहरी-हिंग-हळदीची तीच फोडणी मिळाली जी सुरणाला मिळत होती. जिन्नस बदलला, कृती राहिली. काकूंचे जमलेले प्रयोग याच जातीचे असतात. झुकिनीची पीठ पेरून भाजी होते, कारण तिला सुटणारं पाणी बेसन शोषून घेतं. भाजणी तर कुठल्याही किसलेल्या भाजीला सामावून घेते. अगदी आमटीत पास्ता शिजवला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी चकोल्या आठवाव्यात. आमटीत शिजवलेल्या कणकेला शतकानुशतकं कुणी हसलेलं नाही. फसतं ते कृतीलाच हात लावल्यावर. तेलाचा थेंबही न घालता मायक्रोवेव्हमध्ये केलेला बटाटेवडा हा पथ्याचा प्रकार असेल, बटाटेवडा नव्हे.

नासाडीची तक्रार तर बिनबुडाची आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी, कलिंगडाच्या सालीखालच्या पांढऱ्या गराची भाजी, शिळ्या पोळीचा कुस्करा: हे करणाऱ्या आजीला आपण काटकसरी म्हणालो, आणि तेच नातसुनेने केलं की ते थेर ठरतात. एवढाच फरक की आजी नाव सांगायची नाही आणि नातसून ‘फ्यूजन’ म्हणते. नावाबद्दल तिला दंड करावा, भाजीबद्दल नको.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला काकूंकडे उत्तर नाही. चुकून एखादी गोष्ट फर्मास जमते, सगळे बोटं चाटतात आणि आठवड्याने फर्माईश करतात, “परवासारखं कर ना!” त्यावर काकूंचा प्रश्न: “परवा काय घातलं होतं?” 1970 साली आलेल्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं देऊन महाराष्ट्राची सोय केली. काकूंच्या कपाटात ते पुस्तक असतं, पण त्या कृती दुसऱ्या ओळीपर्यंतच वाचतात. तिथे “हे नाही घरात, ते घालू” सुरू होतं. चांगला पदार्थ असा जन्मला त्याच दिवशी वारतो, हे नुकसान मोठं आहे. म्हणून शेजारून झाकलेली वाटी आली आणि आतलं आवडलं, तर कौतुक सावकाश करा. आधी कागद-पेन घेऊन जा आणि काय काय, किती किती घातलं ते त्याच संध्याकाळी लिहून घ्या. सकाळी काकूंना ते आठवणार नाही.